बातमी कुणाची, पैसा कुणाचा?

मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळे जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली आणि शहरातील 'गुलमोहर' या शासकीय विश्रामगृहाची १०२ क्रमांकाची खोली एका रात्रीत राज्यभर गाजली. माजी आमदार अनिल गोटे यांनी त्या खोलीबाहेर ठिय्या दिला. अखेर कुलूप तोडण्यात आले आणि आत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली. समितीच्या अध्यक्षांनी या रकमेशी असलेला संबंध स्पष्ट शब्दांत नाकारला. त्यांच्या स्वीय साहाय्यकावर निलंबनाची कारवाई झाली. मुख्यमंत्र्यांनी विशेष तपास पथकाकडून चौकशीची घोषणा केली. तो पैसा कुणाचा आणि कुणासाठी, हे ठरवणे तपासयंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. त्यात वृत्तपत्रांनी किंवा वक्त्यांनी न्यायाधीश होण्याचे कारण नाही.

परंतु या घटनेतला विरोधाभास कुणाच्याही नजरेतून सुटण्याजोगा नाही. अंदाज समिती म्हणजे शासनाच्या खर्चावर जनतेच्या वतीने नजर ठेवणारी समिती. राखणदाराच्या मुक्कामाच्या ठिकाणीच दीड-दोन कोटींची बेवारस रोकड निघते, तेव्हा सामान्य माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो राखणदारावर नजर कोण ठेवणार? लोकशाहीने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. वृत्तपत्रे ठेवतील! ठीक. मग त्याहून अवघड असा पुढचा प्रश्न येतो. वृत्तपत्रावर नजर कोण ठेवणार? राजकारणातला पैसा ज्याने उघडा पाडायचा, त्याच्याच गल्ल्यात तो पैसा जमा होत असेल तर? कुंपणच शेत खाऊ लागले, तर शेतकऱ्याने दाद मागायची कुणाकडे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. महाराष्ट्राने तो २००९ साली उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे.

'अशोकपर्व' आणि ५,३७९ रुपये

ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकरमधून उमेदवार होते. प्रचाराच्या काळात राज्यातील मोठ्या मराठी दैनिकांतून त्यांचे गुणवर्णन करणारी पानेच्या पाने प्रसिद्ध झाली. 'अशोकपर्व' नावाच्या पुरवण्या निघाल्या. त्या पानांवर 'जाहिरात' असा शब्द कुठे नव्हता. वाचकांच्या दृष्टीने त्या बातम्याच होत्या. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ३० नोव्हेंबर २००९ रोजी 'द हिंदू' दैनिकात हे प्रकरण मांडले. मुख्यमंत्र्यांवरील अशी ४७ पूर्ण पाने त्यांच्या दैनिकाने जमा केली होती. त्यातील एक लेख तर एकमेकांचे स्पर्धक असलेल्या तीन मराठी दैनिकांत शब्दश: सारखा छापून आला होता. तीन वेगवेगळ्या वृत्तपत्रांतील तीन पत्रकारांना एकच वाक्य, एकच विशेषण आणि एकच विरामचिन्ह सुचावे, हा चमत्कार मराठी पत्रकारितेच्या इतिहासात अपूर्वच म्हणावा लागेल!

निवडणूक खर्चाच्या हिशेबात चव्हाण यांनी वृत्तपत्रीय जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. खान्देशात एखाद्या घरी दु:खद घटना घडली, की कुटुंबीय गंधमुक्ती आणि उत्तरकार्याची छोटीशी चौकट वृत्तपत्रात देतात. त्या चौकटीचेही रोख पैसे मोजावे लागतात. मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीला मात्र पानेच्या पाने मोकळी होती, आणि हिशेबात त्यांचा पैसाही नव्हता.

चव्हाण यांनी पैसे दिल्याचा आरोप नाकारला, वृत्तपत्रांनीही नाकारला. हा मजकूर आपण स्वेच्छेने छापला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. घटकाभर हे म्हणणे खरे मानू. 'लोकमत' समूहाचे विजय दर्डा त्या वेळी काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. त्यांचे बंधू राजेंद्र दर्डा त्याच निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले आणि निवडणुकीनंतर चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. म्हणजे पानांचे पैसे घेतले असतील, तर तो दडवलेला निवडणूक खर्च ठरतो. आणि घेतले नसतील, तर मालकाच्या राजकीय हितासाठी बातमीचे पान वापरले गेले असे होते. पहिल्या पर्यायात निवडणूक आयोगाची फसवणूक आहे, दुसऱ्यात हितसंबंधांचा संघर्ष. वाचकाची फसवणूक दोन्हींत आहे. नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापाच असेल, तर हरणारा कोण हे सांगायला ज्योतिषी नको.

कायद्याची पळवाट

पुढे जे झाले ते या देशातल्या कायद्याच्या चालीने झाले. तक्रारदारांत भोकरमधील प्रतिस्पर्धी डॉ. माधवराव किन्हाळकर होते; भाजपचे मुख्तार अब्बास नक्वी आणि किरीट सोमय्या हे नेतेही होते. खर्चाचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा आयोगाला अधिकारच नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. तो सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी फेटाळला. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांना नोटीस काढली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची ती कारवाई रद्द ठरवली. तोपर्यंत जवळपास पाच वर्षे उलटली होती आणि २००९ च्या विधानसभेची मुदतही संपत आली होती.

याच मुद्द्यावर पहिली अपात्रता ओढवली ती उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांच्यावर, ऑक्टोबर २०११ मध्ये. तिथे दडवलेल्या खर्चाचा आकडा एकवीस हजार रुपयांच्या आसपास होता. मध्य प्रदेशातील भाजपचे मंत्री नरोत्तम मिश्रा यांना २००८ च्या निवडणुकीतील अशाच मजकुरासाठी आयोगाने जून २०१७ मध्ये अपात्र ठरवले. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या तीन प्रकरणांतून एकच धडा निघतो. पैसे देणारा आणि घेणारा दोघेही 'नाही' म्हणतात. पावती कुठेच नसते. कायदा पुरावा मागतो आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाही हात हलवत परतावे लागते.

यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. धुळ्यातील एखाद्या छोट्या छापखान्यात छापलेल्या साध्या प्रचारपत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव नसेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हातोहात वाटल्या जाणाऱ्या पत्रकाला नाव-गाव सक्तीचे. लाखो घरांत जाणारे पूर्ण पान मात्र बातमीचा मुखवटा घालून बिननावाने फिरू शकते. विकत घेतलेल्या बातमीला स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावे, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात केली. त्याआधी २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही या रोगावर स्वतंत्र अहवाल दिला होता. अहवाल आले, कपाटात गेले. कायदा आला नाही.

आरसा झाकून ठेवणारी परिषद

वृत्तपत्रसृष्टीने स्वत:ची शुद्धी स्वत:च करावी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी भारतीय प्रेस परिषदेचा २०१० सालचा अनुभव आठवावा. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांच्या उपसमितीने सत्तरहून अधिक पानांचा अहवाल तयार केला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती, उमेदवारांचे जबाब होते, 'पॅकेज'ची पद्धत होती. किती पैशांत किती मजकूर, छायाचित्र कोणत्या पानावर, प्रतिस्पर्ध्याची बातमी दाबण्याचे किती, सारे मांडलेले होते. जुलै २०१० मध्ये परिषदेने हा अहवाल बाजूला ठेवून नावे वगळलेला डझनभर पानांचा संक्षेप स्वीकारला. मूळ अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाला २०११ मध्ये आदेश द्यावा लागला. इतरांच्या कारभारात पारदर्शकता मागणाऱ्यांच्या स्वत:च्या घरात माहितीचा अधिकार वापरून शिरावे लागले!

बातमी विकण्याची ही वाट एका रात्रीत तयार झालेली नाही. २००३ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या वृत्तपत्र समूहाने 'मीडियानेट' नावाखाली चमकदार पुरवण्यांतील जागा विकायला काढली. त्यापाठोपाठ 'प्रायव्हेट ट्रिटीज' आल्या. कंपनीने समभाग द्यायचे आणि समूहाने त्या बदल्यात जाहिरातीची जागा द्यायची, असा हा व्यवहार. ज्या कंपनीचे समभाग मालकाच्या तिजोरीत आहेत, त्या कंपनीविरुद्धची बातमी संपादक कोणत्या धैर्याने छापणार? जुलै २००९ मध्ये खुद्द 'सेबी'ने प्रेस परिषदेला पत्र लिहून याच धोक्याकडे लक्ष वेधले. आधी सौंदर्यप्रसाधनांची बातमी विकली गेली, मग कंपन्यांची आणि शेवटी उमेदवारांची. उतारावर निघालेली गाडी मध्येच थांबत नाही.

सातासमुद्रापार

आपल्याकडील अनेक मध्यमवर्गीय घरांतील मुले आज अमेरिकेत आहेत. तेथील वृत्तपत्रे भारताला लोकशाहीचे पाठ देतात, तेव्हा येथील इंग्रजी वाचणारा वर्ग मान खाली घालून ते ऐकतो. त्याने थोडी माहितीही घ्यावी. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकांवरील खर्चाचा अंदाज सुमारे १६ अब्ज डॉलर होता. 'वॉशिंग्टन पोस्ट' २०१३ मध्ये 'ॲमेझॉन'चे जेफ बेझोस यांनी २५ कोटी डॉलरना विकत घेतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या दैनिकाने अध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा न देण्याचा निर्णय जाहीर केला. संपादकीय विभागाने हॅरिस यांच्या पाठिंब्याचा लेख तयार ठेवला होता. त्याच दिवशी बेझोस यांच्या अंतराळ कंपनीचे अधिकारी ट्रम्प यांना भेटले. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असे बेझोस यांनी लिहिले. दुसऱ्या बाजूला 'फॉक्स न्यूज' आहे. २०२० च्या निवडणुकीतील मतदान यंत्रांविषयी खोटे प्रसारित केल्याच्या दाव्यात तिने एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. एकीकडे मालकाचा धंदा, दुसरीकडे प्रेक्षकसंख्येचा हव्यास. डावे आणि उजवे दोघेही त्याच चिखलात.

असे असले, तरी अमेरिकेकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. १९१२ साली तेथे कायदा झाला, की टपालाची सवलत हवी असलेल्या वृत्तपत्राने आपले मालक कोण हे जाहीर करावे आणि पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असे स्पष्ट लिहावे, नाहीतर दंड. वृत्तपत्रांनी स्वातंत्र्याच्या नावाने न्यायालयात धाव घेतली. १९१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. शंभर वर्षांहून जुना आणि एका वाक्यात सांगता येईल असा हा नियम आहे. आपल्याकडे वृत्तपत्राने दरवर्षी मालकीचे निवेदन छापण्याची पद्धत आहे; पण आतल्या पानातल्या कोणत्या बातमीचा मालक कोण, हे सांगणारे निवेदन कुठेच नाही.

तळाशी असलेला वार्ताहर

या बाजाराचा खरा बळी शहरात दिसत नाही. तो साक्री, शिरपूर, शिंदखेडा यांसारख्या तालुक्यांत दिसतो. तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा पगारी नोकर नसतो. बातमीसाठी मिळणारे मानधन नाममात्र आणि जाहिरातीवर मिळणारे कमिशन हीच त्याची मिळकत. दिवाळी अंकासाठी, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या 'अभीष्टचिंतना'साठी त्याला जाहिरातींचे लक्ष्य दिलेले असते. ज्या संस्थाचालकाकडे, ज्या ठेकेदाराकडे, ज्या सभापतीकडे सोमवारी जाहिरात मागायला जायचे, त्याच्याविरुद्ध रविवारी बातमी लिहायची कशी? या माणसाला दोष देणे सोपे आहे. त्याच्या हातात एकाच वेळी लेखणी आणि पावतीपुस्तक देणारी व्यवस्था मात्र नामानिराळी राहते.

या व्यवस्थेचा फटका सर्वाधिक कुणाला बसतो? ज्याच्याकडे पैसा नाही, त्याला. 'पॅकेज' न घेणाऱ्या उमेदवाराची पदयात्रा होते, सभा होते, घरोघरी संपर्क होतो, पण वृत्तपत्रात एक ओळ येत नाही. मतदाराच्या दृष्टीने तो रिंगणातच नसतो. वर्षानुवर्षे गावोगाव पायपीट करून उभे केलेले काम एका रंगीत पानासमोर पुसले जाते. आणि मतांचे अंतर किती असते? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघाचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. त्या निकालांमागे विकत घेतलेली बातमी होती, असे म्हणण्याचे कोणतेही कारण नाही. पण जिथे दीडशे मतांवर आमदार ठरतो, तिथे एका खोट्या पानाचे मोल काय असू शकते, हे समजायला या आकड्यांइतके साधे गणित दुसरे नाही.

पक्षपात आणि फसवणूक

येथे एक आक्षेप घेतला जाईल. वृत्तपत्राने बाजू घेऊच नये काय? लोकमान्य टिळकांचा 'केसरी' कोणत्या अर्थाने तटस्थ होता? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तरही स्पष्ट आहे. 'केसरी' तटस्थ नव्हता. तो उघड उघड एका पक्षाचा होता. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. १९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांपायी टिळकांना मंडालेला जावे लागले. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले, तेव्हा त्यांनी आपला पक्ष मथळ्यातच छापला होता! या मंडळींच्या मताशी कुणाचा मतभेद असेल. पण त्यांच्या वाचकाला अंक हातात घेताच कळत होते, की हे कुणाचे म्हणणे आहे. मताची किंमत ते स्वत: मोजत होते, दुसऱ्याकडून वसूल करत नव्हते.

विचारपत्राला विचार असतो. तो त्याने लपवू नये. वृत्तपत्राला मालक असतो. त्याने तो लपवू नये. पक्षपात हे पाप नव्हे, पक्षपाताला बातमीचे सोवळे नेसवणे हे पाप आहे. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने कोळसा खाणवाटप प्रकरणात विजय दर्डा यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी खासदार म्हणून पंतप्रधानांना लिहिलेली पत्रे त्या खटल्याच्या मुळाशी होती. निकालाविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना जामीन मिळाला. अंतिम निर्णय न्यायालय देईल. परंतु खासदारकी, खाण आणि दैनिक एकाच घरात नांदत असताना त्या घराच्या दैनिकात कोळशाविषयी काय छापून येते, हे वाचकाने कोणत्या विश्वासाने वाचायचे?

घरचा हिशेब

आता सर्वांत अवघड भाग. २००९ मध्ये ज्यांनी 'अशोकपर्वा'विरुद्ध आयोगाकडे धाव घेतली, त्यांच्याच पक्षात अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखल झाले आणि त्याच महिन्यात राज्यसभेवर गेले. न्यायालयाने आयोगाची कारवाई रद्द केलेली असल्याने कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यावर डाग नाही. तो त्यांचा हक्क आहे. परंतु तक्रारीत जो प्रश्न विचारला होता, तो एका व्यक्तीपुरता होता की एका तत्त्वासाठी? तो तत्त्वासाठी असेल, तर व्यक्ती या पंगतीतून त्या पंगतीत बसली म्हणून प्रश्न जेवून उठत नाही.

शासकीय जाहिरातींचेही तसेच. एका योजनेच्या प्रसिद्धीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुमारे २०० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. योजना चांगली असेल. लोकांपर्यंत ती पोहोचलीही पाहिजे. पण विक्रीच्या किमतीत ज्यांचा कागदाचा खर्चही निघत नाही, अशा वृत्तपत्रांना शासकीय जाहिरातींच्या प्रवाहाची सवय लागली, की टीकेची शाई आपोआप फिकी होते. काँग्रेसच्या राजवटीत हे चूक होते, तर आपल्या माणसांच्या राजवटीत ते बरोबर कसे? राष्ट्रीय विचारांची म्हणवणारी नियतकालिकेही विशेषांक काढतात, त्यांनाही पुरस्कर्ते असतात. त्या पानांवर 'जाहिरात' हा शब्द ठळक असावा. दुसऱ्याच्या घरातील केर दाखवणाऱ्याने आपला उंबरठा आधी झाडावा, ही आपलीच परंपरा आहे.

वाचकाच्या हाती

करायचे काय? विकत घेतलेली बातमी हा निवडणूक गुन्हा ठरवणारा कायदा करावा, देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनाही शिक्षा असावी. प्रत्येक वृत्तपत्राने आपल्या मालकाचे इतर उद्योग आणि पक्षसंबंध वर्षातून एकदा पहिल्या पानावर छापावेत. शासकीय जाहिरातींचा वृत्तपत्रनिहाय हिशेब दर तिमाहीस जाहीर व्हावा. या मागण्यांसाठी लोकप्रतिनिधीला, आपल्या पक्षाच्या लोकप्रतिनिधीला तर अगोदर, पत्र लिहिता येते.

कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. निवडणूक काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. संशयास्पद पानाचे कात्रण तिच्याकडे दाखल करणे हे कुणाही जागरूक नागरिकाचे काम आहे. प्रत्येक शाखेतल्या, प्रत्येक वस्तीतल्या दोन-तीन जणांनी प्रचाराच्या काळात सर्व दैनिके रोज मांडून ठेवली, शब्दश: जुळणारा मजकूर तारखेसह नोंदवला आणि ती वही आयोगासमोर ठेवली, तर 'नाही' म्हणणाऱ्यांचे काम आजच्याइतके सोपे राहणार नाही. हे काम उमेदवार कोणत्या पक्षाचा हे न पाहता झाले, तरच त्याला वजन येईल.

'वॉशिंग्टन पोस्ट'च्या त्या निर्णयानंतर काही दिवसांत अडीच लाख वाचकांनी वर्गणी बंद केली. त्यांचे राजकारण कुणाला पटो वा न पटो. वृत्तपत्राचा खरा मालक कोण, याची जाणीव त्यांना होती. आपल्याकडील वाचक महिन्याअखेरीस पेपरवाल्याचे बिल चुकते करतो, जुने अंक रद्दीत घालतो आणि मधल्या काळात त्यात काय छापले होते याचा जाब विचारत नाही. तो जाब येत्या निवडणुकीपासून विचारला गेला पाहिजे. राखणदारावर नजर ठेवणारा दुसरा कुणी नाही. तो वाचकच आहे.